स्वस्थ बसलेला माणूस खोलीला कसा कळावा?

प्रश्न: हॉलमध्ये मोशन सेन्सर बसवला. बाबा पेपर वाचत बसले की थोड्या वेळात दिवा जातो, मग ते हात हलवत राहतात. सेन्सर खराब आहे का?

सेन्सर ठीक आहे, त्याला काम चुकीचं दिलंय. तुमचा बहुधा पीआयआर, म्हणजे ऊब टिपणारा सेन्सर असणार. अंगाची ऊब त्याच्या नजरेच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली तरच त्याला माणूस कळतो. जिना, पॅसेज अशा ये-जा असलेल्या जागी तो उत्तम. बसायच्या खोलीत मिलिमीटर-वेव्ह रडार, म्हणजे रेडिओ लहरींनी हालचाल टिपणारा सेन्सर लावा. श्वासाबरोबर छाती काही मिलिमीटर हलते, तेवढंही त्याला पुरतं.

मात्र त्याला छताचा पंखाही दिसतो! आपल्याकडची मोठी अडचण हीच: खोली रिकामी, पण पंखा फिरतोय म्हणून दिवा चालूच. त्यामुळे रडार छताला नको. भिंतीवर, सोफ्याकडे तोंड करून आणि पंखा टप्प्यात येणार नाही असं बसवा. प्लायवुडचं पार्टिशन असेल तर पलीकडचा माणूसही धरला जातो, तेव्हा अंतराची मर्यादा कमी करा. आणि दिवा एकदम घालवू नका. आधी निम्मा मंद, मिनिटभराने बंद. तेवढ्यात बाबांनी पान उलटलं की पुन्हा पूर्ण. वडीलधाऱ्यांना स्वतःच्या घरात उजेडासाठी हातवारे करावे लागणं मला बघवत नाही.

प्रश्न: स्मार्ट बल्ब घेतले, पण आई सवयीने भिंतीवरचं बटण बंद करते आणि सगळं ठप्प होतं. तिला कसं समजवावं?

समजावू नका, आईंचंच बरोबर आहे. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ (PARC) या संशोधन केंद्रातल्या मार्क वायझर यांनी १९९१ साली रोजच्या जगण्यात विरून जाणाऱ्या यंत्रांची कल्पना मांडली. भिंतीवरचं बटण असंच विरून गेलेलं आहे. अंधारातही हात बरोबर तिथे जातो. बल्ब साधे ठेवा आणि बटणामागे बसणारं स्मार्ट मॉड्यूल घ्या. मग बटणही चालेल, मोबाइलही. बऱ्याच मॉड्यूलना न्यूट्रलची वायर लागते आणि जुन्या घरांत बोर्डात ती बऱ्याचदा नसते, ते इलेक्ट्रिशियनकडून आधी बघून घ्या.

प्रश्न: रात्री बाथरूमला उठलं की दिवा आपोआप लागून डोळे दिपतात.

पलंगाखाली २७०० केल्विनची, म्हणजे पिवळसर उजेडाची एलईडी पट्टी अगदी मंद लावा. तिचा पीआयआर जमिनीलगत, म्हणजे पाय खाली टेकले की पावलांपुरता उजेड. मोठ्या दिव्याचं ऑटोमेशन रात्री ११ ते सकाळी ६ बंद. भिंतीवरचं बटण मात्र तेव्हाही चालायला हवं, कोणाला बरं नसलं तर मोठा दिवा लगेच लागायला हवा.