लेखातली आडवी रेघ

प्रश्न : ब्लॉगच्या लेखात दोन भागांमध्ये आडवी रेघ काढणारा एचआर टॅग टाकला. रेघ नीट दिसते, पण एचटीएमएल (वेब पानाची खूणभाषा) तपासणारा व्हॅलिडेटर म्हणतो, ‘पी उघडलेला नसताना बंद केला आहे.’ परिच्छेदाचा पी टॅग तर मी उघडला होता!

उत्तर : उघडला होतात, पण एचआर आला तिथेच तो बंद झाला. परिच्छेदाच्या पोटात एचआर चालत नाही. तो दिसला की ब्राउझर चालू परिच्छेद संपवतो. मग शेवटी लिहिलेल्या बंद-पीला जोडीदारच उरत नाही. रेघेनंतरचा मजकूरही पीच्या बाहेर पडतो, त्यामुळे परिच्छेदासाठी ठरवलेला फॉन्ट किंवा अंतर त्याला लागत नाही. एडिटरच्या एचटीएमएल दृश्यात जा, रेघेआधी पी बंद करा, एचआर स्वतंत्र ओळीवर ठेवा आणि पुढे नवा पी उघडा. यूएल (बिनक्रमांकाच्या) आणि ओएल (क्रमांकाच्या) याद्यांतही एचआर थेट टाकता येत नाही. एक तर यादी संपवा, नाही तर तो एलआयच्या, म्हणजे यादीतल्या एका मुद्द्याच्या, आत घ्या.

एचआरला बंद-टॅग नसतोच. टॅगच्या शेवटची तिरकी रेघ (/) एक्सएचटीएमएलच्या, म्हणजे एचटीएमएलच्या कडक नियमांच्या रूपाच्या, काळात लागायची. आज ठेवलीत तर चूक नाही, उपयोगही नाही.

प्रश्न : जुन्या टेम्प्लेटमधल्या रेघेतले विड्थ (रुंदी), साइझ (जाडी), नोशेड (सावली नको) काढू का?

उत्तर : काढाच. एचटीएमएल ५ मध्ये ते बाद आहेत. ते काम सीएसएसकडे, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेकडे, द्या : बॉर्डर ०, मग बॉर्डर-टॉप १ पिक्सेल सॉलिड, विड्थ ४० टक्के, मार्जिन वर-खाली २ ईएम (अक्षराच्या आकाराच्या दुप्पट) आणि बाजूंना ऑटो. क्रम पाळा, बॉर्डर ० नंतर आली तर रेघच पुसली जाते. आणि बॉर्डर ० न लिहिता नुसती उंची व पार्श्वरंग दिलात, तर ब्राउझरची मूळची खोलगट कडा तशीच राहते आणि रेघेला नको असलेली चौकट येते. फ्लेक्स डब्यात (सीएसएसमध्ये डिस्प्ले फ्लेक्स दिलेल्या घटकात) रेघ गायब होते ती बाजूंच्या ऑटो मार्जिनमुळे. तिथे विड्थ नेमून द्या.

शीर्षकाखाली नुसती शोभा हवी असेल तर मात्र एचआर नको, शीर्षकालाच बॉर्डर-बॉटम द्या. एचआरचा अर्थ ‘इथे विषय बदलला’ असा आहे, आणि स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) ती रेघ वाचून दाखवू शकतो. डॅश टंकून केलेली ओळ तर त्याहून वाईट : मोबाइलवर ती मोडून दुसऱ्या ओळीत उतरते.

प्रश्न : मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकुराची मांडणी करायच्या पद्धतीत) रेघेसाठी तीन डॅश दिले, तर वरची ओळच ठळक आणि मोठी झाली.

उत्तर : मजकुराला चिकटून खाली दिलेले डॅश म्हणजे मार्कडाउनच्या लेखी दुसऱ्या पातळीचं शीर्षक. मध्ये एक ओळ रिकामी सोडा. नाही तर तीन तारका द्या, त्यांचं शीर्षक होत नाही.