स्पीड फुल्ल, तरी फाइल अडकते

प्रश्न: आम्ही देवगडचे. मुलगा आंब्याच्या सीझनला घरी आला तो इथूनच ऑफिसचं काम करतोय, त्यासाठी फायबर घेतलं. स्पीड टेस्ट मस्त, व्हॉट्सॲप चालतं, पिंगही (सर्व्हरला छोटी हाक मारून उत्तर येतंय का बघणं) जातं, पण ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खाजगी वाट) लावलं की लॉगिन होतं आणि मोठी फाइल चढवायला गेलं की नुसतं गोल फिरत राहतं. केबलवाला दोनदा येऊन गेला, म्हणतो लाईन बरी आसा. मग घोडं पेंड खातंय कुठे?

उत्तर: केबलवाला खोटं बोलत नसावा. लहान जातं आणि मोठं अडकतं असं ऐकलं की मला पहिला संशय एमटीयूचा येतो, म्हणजे नेटवर डेटा ज्या छोट्या पॅकेटांत जातो, त्यातल्या एका पॅकेटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात ती मर्यादा. इथरनेटवर, म्हणजे नेहमीच्या नेटवर्क केबलवर, ती १५००. राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून नेट चालू होत असेल तर ते बहुतेक पीपीपीओई (नेट कंपनीकडे लॉगिन करून जोडायची पद्धत), ते स्वतःचे ८ बाइट खातं, उरले १४९२. त्यात व्हीपीएन प्रत्येक पॅकेटावर आणखी वेष्टन गुंडाळतं. आंबे तेवढेच पण पेंढा जास्त झाला की पेटीचं झाकण बसत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार!

खरं तर न मावणारं पॅकेट टाकून दिलं की वाटेतल्या राउटरने पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायची सोय) निरोप द्यायचा असतो, बाबा रे एवढं मोठं जात नाही, इतकंच पाठव, ही रीत १९९० पासून ठरलेली आहे. पण कित्येक ठिकाणी सिक्युरिटीच्या नावाखाली फायरवॉलवर (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) आयसीएमपी सरसकट बंद, मला हे कधीच पटलेलं नाही. निरोप पोचत नाही, कॉम्प्युटर तेच पॅकेट परत परत पाठवत बसतो. लॉगिनची पॅकेटं लहान, ती सुटतात.

विंडोज असेल तर व्हीपीएन लावून ऑफिसच्या सर्व्हरला आधी साधं पिंग करा, उत्तर आलं तर पुढे डॅश एफ (तुकडे करू नको) आणि डॅश एल १४७२ (पॅकेटात भरायचे बाइट) जोडा. यात हेडरचे (पॅकेटावरच्या पत्त्याबित्त्याच्या चिठ्ठीचे) २८ मिळवले की १५०० होतात. मग आकडा दहा-दहाने उतरवा. सुरुवातीला तुकडे करावे लागतील असा मेसेज येईल, ते ठीक, कोणीतरी सांगतंय तरी, पण मधेच नुसतं टाइम आउट यायला लागलं तर चोर तिथेच, निरोप वाटेत अडवला जातोय. उत्तर यायला लागेल त्या आकड्यात २८ मिळवा आणि तेवढा एमटीयू व्हीपीएनला लावायला ऑफिसच्या आयटीवाल्यांना सांगा. १२८० च्या खाली मात्र नको, आयपीव्ही६ ला (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) तेवढे लागतातच. आणि हो, पीपीपीओई असेल तर राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाईनच्या) सेटिंगमध्ये एमटीयू १४९२ आहे का तेही एकदा बघा.