लहान मुलांकडून दिवाळीला देण्यासारखी घरगुती भेटवस्तू काय करून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की मुलं ४ आणि ६ वर्षांची आहेत, दिवाळीत आजी-आजोबांना आणि आत्याला द्यायला घरीच काहीतरी करायचंय, खर्च फार नको, ‘पण दिसायला नीट, देण्यासारखं व्हायला हवं’. या शेवटच्या वाक्यासाठीच मी उत्तर लिहायला बसलोय.

आधी काय करायचं ते सांगतो. वही करा. पाठकोऱ्या कागदांची, दोऱ्यानं शिवलेली, तळहाताएवढी. पणत्या रंगवणं, कंदील, शुभेच्छापत्र हे सगळं तुम्हाला माहीत असणारच. पण रंगवलेली पणती भाऊबीजेनंतर माळ्यावर जाते आणि शुभेच्छापत्र एकदा उघडलं की संपलं. वही मात्र आजीच्या हातात रोज येते. दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला, बीपीची गोळी घेतली का, कुणाला किती उसने दिले. लिहिण्यासारखं काही नाही असं एकही घर मी पाहिलेलं नाही.

माझे वडील सांगलीत बाइंडर होते. जूनच्या आधी शाळेच्या वह्या, दिवाळीच्या आधी व्यापाऱ्यांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या, आणि वर्षभर वाचनालयांची फाटकी पुस्तकं. आम्ही दोघं भाऊ शाळेतून आलो की दप्तर टाकून फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र शिवायच्या कागदांच्या जुड्यांच्या, घड्या घालायला बसायचो. दादा त्याच धंद्यात राहिला, मी बँकेत लागलो. पण हात ते विसरत नाहीत.

तर वही अशी. एका बाजूनं छापलेले ए-फोर कागद चार घ्या, मधोमध कापा, आठ तुकडे होतील. प्रत्येकाची मधून घडी. घडी नखानं दाबू नका, फूटपट्टीच्या कडेनं दाबा, नाहीतर वही फुगते. एकात एक घालताना एक आड एक कागद उलटा ठेवा, म्हणजे कोरी पानं समोरासमोर येतात आणि छापील छापीलच्या समोर. सगळ्यांत आतल्या कागदाची कोरी बाजू आत. छापील पानांवर मुलांना हवं ते रंगवू दे.

घडीवर तीन भोकं पाडायची, एक मधे, एक वर, एक खाली. हे दाभणाचं काम तुमचं. खाली वर्तमानपत्रांची जाड घडी घ्या. शिवणं सहा वर्षांच्या मुलाचं. लोकरीची बोथट सुई आणि गोधडीचा दोरा, त्याला मेणबत्ती घासून घ्या. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, मधलं ओलांडून खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं आत येतात, मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना. त्या टाक्यावरून गाठ मारा. दोरा ओढताना घडीच्या दिशेनं ओढायचा. आपल्याकडे सरळ ओढला की भोक फाटतं, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

चार वर्षांच्याला शिवता येणार नाही. त्याला मुखपृष्ठ द्या. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात कालवून घ्या, गुठळी राहू देऊ नका, मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की खळ झाली. निवली की निम्मी वाटीत काढून तिच्यात पोस्टर कलर कालवा, जाडसर कागदावर फासा आणि पोराच्या हातात जुना कंगवा द्या. कंगवा ओढेल तसे पट्टे उमटतात. आवडलं नाही तर परत फासायचं, परत ओढायचं. उरलेली खळ चिकटवायला. दोन दिवसांत आंबते, तेव्हा थोडीच करा.

कृती एवढीच. आता ‘नीट’ या शब्दाबद्दल.

माझी धाकटी सहा वर्षांची असताना तिनं पाडव्याला आजीला द्यायला अशीच वही केली होती. शिवण सैल होती, एक टाका भोक सोडून गेला होता. एकात एक घातलेल्या कागदांची आतली पानं थोडी बाहेर येतातच, तशी ती आली होती. पण प्रत्येक पानाच्या बाहेरच्या कडेला तिनं मुंग्या काढल्या होत्या. पहिल्या पानापासून रांग निघालेली, पान उलटलं की पुढे चाललेली, आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात गुळाचा खडा. दोन संध्याकाळी ती त्यावर बसली होती. एका पानावर एक मुंगी उलटी चाललेली होती. ती चष्मा विसरलीय म्हणून परत घरी निघालीय, असं तिनं मला सांगितलं होतं.

दिवाळीला आम्ही सगळे दादाकडे असतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दादानं ती वही पाहिली, कुणाला न सांगता दुकानात नेली, टाके उसवले, जुजबंदीचा, म्हणजे बाइंडरी शिवणीचा, पक्का दोरा घालून स्वतः शिवली, पाठीला लाल कापडाची पट्टी लावली आणि कटिंग मशीनवर तिन्ही कडा कापून आणल्या. सकाळी वही सुरेख दिसत होती, कडा सुरीसारख्या सरळ. मुलीनं ती उघडली, भराभरा पानं उलटली, शेवटच्या पानापर्यंत गेली. गुळाचा अर्धा खडा होता. मुंग्यांचे कुठे कुठे पाय राहिले होते.

“काका, मुंग्या?”

“कडा सरळ केल्या गं, बाकी तुझंच आहे सगळं.”

ती रडली नाही. वही आजीपुढे ठेवून म्हणाली, “ही काकांनी केलीय. मी तुला दुसरी देते.” आणि फराळाला न बसता आत निघून गेली.

दादाचा हेतू वाईट नव्हता. पुतणीसाठी त्यानं अर्धी रात्र घालवली होती. त्याचं म्हणणंही मला नीट ठाऊक आहे, कारण ते दर दिवाळीला नव्यानं निघतं: भेट म्हटली की ती घेणाऱ्याची, बाबांच्या घरातून वाकडी वही बाहेर गेली तर लोक काय म्हणतील, आणि मुलांना चांगलं काम दिसलं तरच ती चांगलं शिकतील. यातलं शेवटचं मला पटतं. ‘मुलांनी केलंय ना, मग कसंही चालेल’ असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. सैल टाक्याला मी सैलच म्हणतो, सहा वर्षांच्या मुलीलासुद्धा.

पण ज्या बाबांचं नाव दादा सांगतो, त्यांच्या दुकानाचा कायदा काय होता? ज्यानं शिवलं त्यानंच उसवायचं. मी सातवीत असताना एका अडत्याच्या खतावणीचे फर्मे उलटसुलट शिवले होते. गिऱ्हाईक समोर बाकावर बसलं होतं. बाबांना ते दुरुस्त करायला दहा मिनिटं पुरली असती. त्यांनी खतावणी माझ्यापुढे ठेवली, वर कात्री ठेवली आणि गिऱ्हाइकासाठी चहा मागवला. मला तासभर लागला. त्या तासात बाबा एकदाही माझ्या हातातलं काम घ्यायला आले नाहीत. दादा तेव्हा शेजारीच बसून डिंकाची भांडी धूत होता, त्यानंही हे पाहिलेलं आहे.

दादा, तू हे वाचशील म्हणून इथेच लिहितो: बाबांचा नियम चांगल्या कामाचा होता हे खरंच, पण ते काम कुणी चांगलं करायचं हेही त्या नियमातच होतं. तू फक्त पहिला अर्धा भाग घेतलास.

भाऊबीजेपर्यंत मुलीनं दुसरी वही केली. मुंग्या नव्हत्या, त्या परत काढायला तिनं नकार दिला. शिवण पुन्हा सैल. माझ्या आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, त्याच दिवसापासून वहीत दुधाचा हिशेब सुरू केला आणि काही दिवसांतच मधली पानं लोंबायला लागली. तेव्हा आईनं जे केलं ते तुमच्या घरच्या आजीनं करावं, असं मला मनापासून वाटतं. तिनं सांगलीहून फोन केला, नातीला फोनवर बोलावून घेतलं आणि सांगितलं, “बाई, तुझी पानं सुटली. पुढच्या खेपेला येशील तेव्हा सुई घेऊन ये, माझा हिशेब अडलाय.” कौतुक नाही, रागावणं नाही. वस्तूबद्दल तक्रार, आणि ती करणारीकडेच. पोरगी पुढच्या सुट्टीत सुई, दोरा, मेणबत्ती पिशवीत घालून गेली. ओढताना एक भोक फाटलं, तिथं खळीनं कागदाची पट्टी लावून तिनं परत शिवलं. घडीच्या दिशेनं दोरा ओढायचा हे तिला तिथं कळलं, आणि आता ती मैत्रिणींना शिकवते.

म्हणून तुम्हाला सांगतो, तुमची खरी तयारी मुलांच्या बाजूची नाही, मोठ्यांच्या बाजूची आहे. आजी-आजोबांना आणि आत्याला दिवाळीआधी फोन करा. सांगा की मुलं वही देतील, ती शोकेसमध्ये ठेवू नका, तिच्यात लिहा. सुटली, फाटली, उघडताना त्रास झाला तर मुलांना सांगा, आम्हाला नको. ‘अय्या किती छान’ म्हणून कपाटात ठेवलेली वही मुलाला काहीच परत देत नाही. आणि मुलं झोपल्यावर त्या वहीला हात लावू नका. गाठ सैल दिसली तर सकाळी त्याला दाखवा, “ही टिकेल का रे?” एवढं विचारा. त्याला टिकेल वाटली तर तशीच जाऊ दे.

बाजारात हल्ली मुलांसाठी तयार किट मिळतात, सगळं आधीच कापून, चिकटवायच्या जागेवर ठिपके छापून. पैसे घालवू नका. त्यात मुलाच्या वाट्याला फक्त आज्ञा पाळणं येतं, आणि दहा घरांत दहा वस्तू एकसारख्या होतात. सामान आसपासचंच पुरतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांवर त्यांनी बालवाड्या चालवल्या. वहीखेरीज आणखी दहा गोष्टी हव्या असतील तर अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळण्यांची पुस्तकं आणि छोट्या चित्रफिती बघा. ते बरीच वर्षं पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या, मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात होते, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं पुष्कळसं साहित्य मराठीत आणि फुकट आहे. तुमच्या प्रश्नाचं ‘काय काय करता येईल’ हे उत्तर तिथं माझ्यापेक्षा चांगलं मिळेल.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो, पण वगळू नका. बाइंडर लोक खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. कुणी जुन्या माणसानं सुचवलं तरी घालू नका, ते विषारी आहे आणि मुलं बोटं चाटतात. सजावटीला बिया लावणार असाल तर गुंजा आणि एरंडाच्या बिया घरात आणू नका. गुंजा लाल-काळ्या, फार देखण्या दिसतात आणि चावल्या गेल्या तर जीवावर बेततं. लुकलुकणाऱ्या राख्यांतले आणि वाजणाऱ्या शुभेच्छापत्रांतले दिवे काढून वहीवर लावायचा मोह होईल. त्यांत बटणाएवढी बॅटरी असते, ती गिळली तर अन्ननलिका भाजते. ताबडतोब दवाखान्यात न्यावं लागतं. कटर आणि दाभण काम झालं की उंच ठेवा.

आणि सगळीच मुलं शिवायला बसतात असं नाही. माझा थोरला कधीच बसला नाही, त्याला फक्त खळ ढवळायला आवडायचं, आणि ती तो उत्तम करायचा. तुमचा सहा वर्षांचा कंटाळला तर त्याच्या मागे लागू नका, कागदच शिवायचे असं काही नाही. कागदांना मधे दोन भोकं पाडून सुतळी ओवून बांधली तरी हिशेब लिहिता येतो.

सुरुवात सहामाही परीक्षेची सुट्टी लागली की पहिल्या दोन दिवसांत करा. एकदा अंगणात किल्ल्याची माती पडली की मुलं कागदाकडे फिरकत नाहीत, आणि चिखलाच्या हातांनी खळ काढणंही बरं नाही.