१९७२ची गंजलेली एमजीबी: दुरुस्त करू की भंगारात देऊ?
इंग्लंडमध्ये सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये पंधरा वर्षं पडून असलेली ओपन एमजीबी, म्हणजे ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, खालून सडलीय म्हणताय, तर आधी इंजिनाचं टेन्शन सोडा, त्याचे पार्ट आजही आरामात मिळतात. खरी गोम सिलमध्ये आहे, म्हणजे दरवाजाखालची ती लांब पोकळ पट्टी. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाहीये, बॉडीच सगळा भार घेते, त्यात वर छप्पर नाही, मग मधला सगळा जोर या सिलवरच येतो ना. जॅक लावून उचला आणि दार उघडून बंद करून बघा, घासलं किंवा फट बदलली तर गाडी मधून वाकतेय. मग स्क्रूड्रायव्हरने सिल टोचा, भसकन आत जाऊन तांबडा भुगा खाली पडला की समजा वेल्डिंगचं काम मोठं आहे.

तरी भंगारात नका देऊ हो! ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८पासून या मॉडेलच्या अख्ख्या नव्या बॉडी बनवल्यात. फक्त खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो, हे घरी आधीच बोलून घ्या. नाहीच जमलं तर कागदपत्रांसकट हौशी माणसाला विका, तो नीट करेल.