वाचकांचे प्रश्न : नऊ होलच्या मैदानावर पाहुणे म्हणून जाताना

प्रश्न : खारघरला सिडकोच्या गोल्फ मैदानावर मी चार-पाच वेळा खेळलो आहे. आता ओळखीच्या एका सदस्याने मला नऊ होलच्या छोट्या खासगी मैदानावर बोलावलं आहे. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, सानपाडा

उत्तर : नोंदणी सदस्यालाच करू द्या. ग्रीन फी (मैदानावर खेळण्याचं शुल्क) आणि कॅडीचे (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचे) पैसे कुठे, कसे द्यायचे तेही त्यांनाच आधी विचारा. कॉलरचा टी-शर्ट घाला, जीन्स नको. बुटांचे स्पाइक्स मऊ हवेत. नियमाने बॅगेत 14 क्लब (खेळायच्या काठ्या) चालतात, पण छोट्या मैदानावर हायब्रिड, 7 आणि 9 नंबरचं आयर्न, सँड वेज आणि पटर एवढ्यावर भागतं. चेंडू मात्र सहा तरी ठेवा.

खरी परीक्षा ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर असते. 18 होल खेळणारे याच नऊ ग्रीनवरून दोनदा जातात, त्यामुळे गवताला उसंत मिळत नाही. उंचावरून पडलेला चेंडू ग्रीनवर खळगा पाडतो, तो तिथल्या तिथे बुजवा. बहुतेक जण इथेच चुकतात : खळगा बुजवायचा छोटा काटा खळग्याच्या तळाशी घालून माती वर उचकटतात. त्याने मुळं तुटतात आणि तिथलं गवत वाळून डाग पडतो. काटा खळग्याच्या कडेबाहेर तिरका खोचा, गवत मध्याकडे ढकला, चारही बाजूंनी असंच करा आणि शेवटी पटरच्या तळाने हलकेच दाबा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, ते कॅडीवर सोडू नका.

छोट्या मैदानावर फेअरवे (ग्रीनकडे जाणारे कापलेल्या गवताचे पट्टे) एकमेकांना खेटून असतात. चेंडू शेजारी वळला की लगेच ‘फोर!’ (म्हणजे सावध!) असं मोठ्याने ओरडा, संकोच करू नका. चेंडू हद्दीच्या पांढऱ्या खुंट्यांपलीकडे गेल्याची शंका असेल तर तसं सांगून, आधीचा फटका जिथून मारला तिथूनच प्रोव्हिजनल (तात्पुरता पर्यायी) चेंडू मारा. शोधायला 3 मिनिटंच मिळतात, 2019 पूर्वी 5 मिळत.

प्रश्न : पावसाळ्यात चेंडू चिखलात रुतला तर दंड बसतो का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : फेअरवे किंवा रफमध्ये (फेअरवेच्या कडेच्या वाढलेल्या गवतात) तो आपल्याच आघाताने पडलेल्या खड्ड्यात, जमिनीच्या पातळीखाली रुतला असेल तर नाही. खड्ड्याच्या लगेच मागची जागा धरा. तिथून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडा. खांद्यावरून सोडायची जुनी सवय अजून दिसते. तसा सोडलेला चेंडू पुन्हा नीट सोडावा लागतो. बंकरमधल्या वाळूत रुतलेल्याला ही सवलत नाही. बंकरमध्ये पाणी साचलं असेल तर बंकरच्या आतच फुकट जागा बदलता येते, बाहेर आणायचा तर एक फटका दंड. विजा चमकू लागल्या की खेळ सोडा आणि थेट क्लबहाउस गाठा, झाडाखाली थांबू नका.

प्रश्न : न खेळणाऱ्या पत्नीला सोबत नेता येईल का?
– एक वाचक, कोलशेत

उत्तर : क्लबची परवानगी आधी घ्या. सपाट तळाचे बूट घालायला सांगा. खेळाडू फटका मारताना त्यांनी चेंडूच्या रेषेत, पुढे किंवा मागे, उभं राहू नये. खेळाडूचं तोंड ज्या बाजूला असतं त्या बाजूला चार-पाच पावलं लांब स्तब्ध उभं राहावं. फोन सायलेंटवर हवा. ग्रीनवर कुणाच्याही चेंडूपासून होलपर्यंतच्या वाटेवर पाय पडू देऊ नये.