व्हिडिओ छान, उत्तर मात्र तेच चुकीचं

प्रश्न : ताई, मी चिपळूण तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो. ‘ऋतू कसे होतात’ यावर १८ मिनिटांचा व्हिडिओ केला. पृथ्वी फिरतानाचं ॲनिमेशन, मागे बासरी, शेवटी उजळणी. यूट्यूबवर टाकून पालकांच्या ग्रुपवर लिंक दिली. ६३ व्ह्यूज आले, त्यातले निम्मे माझेच असतील. वर्गात दाखवला तर मुलं म्हणाली, ‘सर, भारी झालाय.’ दुसऱ्या दिवशी उन्हाळा का येतो असं लिहायला सांगितलं, तर तीसपैकी बावीस जणांनी लिहिलं, ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून.’ चांगला कॅमेरा घ्यावा का?
— एक शिक्षक

उत्तर : सर, कॅमेरा घेऊ नका. तेवढ्या पैशात एक कॉलर माईक घ्या आणि बोलताना वर्गातला पंखा बंद ठेवा. कॅमेऱ्याचा विषय इथेच संपला.

तुमची लिंक उघडून पाहिली. चौथ्या मिनिटाला तुमची पृथ्वी अंड्यासारख्या लांबट कक्षेतून फिरते आणि एका टोकाला सूर्याला जवळजवळ घासून जाते. तोंडाने तुम्ही कललेला अक्ष समजावताय आणि पडद्यावर पृथ्वी सूर्याजवळ चाललीय. मुलांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला. म्हणजे त्या बावीस जणांनी व्हिडिओ नीट पाहिलाय, त्यांना रागावू नका.

हे मी अधिकारवाणीने सांगते, कारण हाच गाढवपणा मी स्वतः केलाय. शैक्षणिक फिल्म्सच्या एडिटिंगमध्ये वीसेक वर्षं काढली, त्यात एकदा अशीच अंडाकृती कक्षा, तीही झळाळत्या सोनेरी रंगात, मीच मंजूर केली होती. खरी कक्षा जेवणाच्या ताटाएवढी काढली, तर तिचा लांबटपणा डोळ्याला दिसणारच नाही, इतकी ती गोल आहे. पुस्तकात ती तिरक्या कोनातून काढतात म्हणून चपटी दिसते. आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती १५ कोटी २१ लाखांवर असते. म्हणजे आपण शेकोटी पेटवतो तेव्हाच ती जवळ असते! तुमच्या १८ मिनिटांत हे एकदाही आलेलं नाही. आश्चर्य वाटलं मला.

मुलांच्या डोक्यात पाटी कोरी नसते. चुलीजवळ गेलं की चटका बसतो, हे त्यांना दोन वर्षांची असल्यापासून माहीत आहे; उन्हाळ्याचं उत्तर त्यांनी तिथून आणलंय. १९८७ साली हार्वर्डच्या पदवीदान समारंभात कॅमेऱ्यासमोर हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा तिथल्या बहुतेकांनीही असंच काहीतरी सांगितलं. तेव्हा तुमच्या वर्गाने लाजायचं कारण नाही.

‘वेरिटॅसियम’ हे यूट्यूबवरचं विज्ञानाचं चॅनेल डेरेक म्युलर नावाच्या माणसाने सुरू केलं. त्याआधी त्याने सिडनी विद्यापीठात नेमक्या याच विषयावर पीएचडी केली, २००८ साली. भौतिकशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांना त्याने स्वच्छ, सुटसुटीत समजावणारा व्हिडिओ दाखवला. मुलं म्हणाली, सोपं आहे, कळलं. परीक्षेत गुण जवळपास होते तिथेच. दुसऱ्यांना दाखवलेल्या व्हिडिओत एक जण आधी चुकीची समजूत बोलून दाखवतो आणि मग तिच्यावरून वाद होतो. ही मुलं म्हणाली, गोंधळायला झालं. गुण मात्र यांचेच वाढले. तुमच्या मुलांचं ‘भारी झालाय’ आता पुन्हा ऐका.

म्हणून नव्या व्हिडिओची सुरुवात तुम्ही करूच नका. त्या बावीसपैकी एखाद्या धीट मुलीला कॅमेऱ्यासमोर उभं करा आणि तिचं उत्तर तिच्याच बोलीत, पूर्ण आत्मविश्वासाने बोलू द्या. (फक्त तिला आणि तिच्या घरच्यांना आधी सांगा की चूक सगळ्यांचीच आहे, ती फक्त बोलून दाखवतेय. नाहीतर वाडीत तिला चिडवतील.) मग दुसऱ्या मुलाने विचारावं, ‘मग डिसेंबरात मेलबर्नची कसोटी आपण पहाटे रजईत बसून बघतो, तेव्हा तिकडची माणसं टोप्या घालून घामाघूम का असतात? त्यांची पृथ्वी वेगळी आहे का?’ इथे थांबा. मागे बासरी नको, काहीच नको. पाच सेकंद दोघं एकमेकांकडे बघत राहू देत.

त्यानंतर मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवा. डिसेंबरच्या २२ तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास तुमच्याकडे तिची सावली ८७ सेंटिमीटरच्या आसपास पडेल. मोबाइल एका जागी पक्का करून ती टिपा आणि जागेवर खडूने, नाहीतर खिळ्याने खूण करा. पुन्हा टिपायची ती मे महिन्यात, दहा-अकरा तारखेच्या आसपास, शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि काठीची सावली दिसेनाशी होते त्या दिवशी. शाळेला तेव्हा सुट्टी, पण वाडीतला एखादा पोरगा काठीपाशी येईलच. ही दोन दृश्यं एकामागे एक लावा. शेवटी अंधाऱ्या खोलीत बॅटरी जमिनीवर सरळ धरायची, मग तिरकी. तोच उजेड जास्त जागेवर पसरून फिका पडतो, हे बघायला ॲनिमेशन लागत नाही. हो, पाचेक महिने लागतील. तुम्हाला घाई कसली आहे?

लांबी चार मिनिटं, फार तर पाच. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला, तरी सर्वसाधारण प्रेक्षक सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हता. ती तर आपण होऊन शिकायला आलेली मोठी माणसं! आणि वेळ मिळेल तेव्हा अरविंद गुप्तांच्या टाकाऊतून खेळण्यांच्या छोट्या फिल्म्स बघा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतलं ते काम, मराठीतही आहे. पडद्यावर बहुतेक वेळ फक्त हात आणि काड्यापेट्या. चेहरा दाखवायची हौस किती बाजूला ठेवता येते, ते तिथे कळतं.

प्रश्न : आमचा सांगोल्याचा डाळिंब उत्पादकांचा गट आहे. तेल्या हा डाळिंबावरचा रोग पसरू नये म्हणून छाटताना दर झाडानंतर कात्री औषधात बुडवावी, यावर व्हिडिओ करायचा आहे. मालिकेतला एक ओळखीचा नट पंधरा हजारात येतो म्हणतोय. घ्यावा का?
— गटाचा सचिव

उत्तर : दादा, पंधरा हजारांचं औषध आणा. २००६ साली बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये रिकिन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डिजिटल ग्रीन’ हा शेतकऱ्यांना व्हिडिओंतून शेती शिकवणारा उपक्रम सुरू केला. त्यांच्या व्हिडिओंत शेतकरी आसपासच्याच गावांतले असत. बघणाऱ्यांना आधी हवं असे ते त्याचं नाव आणि गाव. शिवाय व्हिडिओ नुसता लावून देत नसत. गावातलाच एक जण तो मध्ये थांबवायचा, विचारायचा, पुढच्या वेळी कोणी करून पाहिलं का याची चौकशी करायचा.

तुमच्या गटात ‘त्याची बाग मोठी, त्याला परवडतं’ असं म्हणणारे चारजण असतीलच. म्हणून दोन एकरवाल्यालाच घ्या, ज्याची बाग मागे तेल्याने गेली होती. बादली, कात्री आणि किती वेळ जास्त लागला, एवढं त्याने सांगावं. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर ढकलून मोकळे होऊ नका, महिन्याच्या बैठकीत भिंतीवर लावा. आणि त्याला फेटा बांधायला लावू नका. छाटणी कोणी फेटा बांधून करत नाही.