आधी उदाहरण, मग अनुवादाचे साधन

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेल्या फाइली मिळाल्या. ऐरोलीतली नोकरी सांभाळून पायथनमध्ये वेबसाइट बांधण्याच्या जँगो फ्रेमवर्कच्या मराठी अनुवादाला हातभार लावायचे तू मनावर घेतलेस आणि नवशिक्यांसाठी मराठीतून एक उदाहरण-प्रकल्पही लिहायला घेतलास, हे वाचून बरे वाटले. अनुवादासाठी ट्रान्सिफेक्स वापरावे, वेबलेट वापरावे (दोन्ही वेबवरून अनुवाद करण्याची साधने) की पीओ फाइल, म्हणजे मूळ वाक्ये आणि त्यांचे अनुवाद जोडीने ठेवणारी फाइल, सरळ संगणकावरच्या पोएडिटमध्ये उघडून बसावे, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर देतो, पण थोडक्यात. कारण ज्या वाक्यांचा अनुवाद करायचा ती मुळात अनुवाद होण्याजोगी लिहिली आहेत का, हा तू न विचारलेला प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

जँगोपुरते बोलायचे तर साधनाची निवड तुझ्या हातात नाही. फ्रेमवर्कमधल्या वाक्यांचे अनुवाद ट्रान्सिफेक्सवर त्या त्या भाषेच्या गटामार्फत होतात, आणि रिलीज कँडिडेट (अंतिम आवृत्तीआधीची जवळपास तयार आवृत्ती) निघाले की मूळ इंग्रजी वाक्ये गोठवली जातात, म्हणजे त्यानंतर अंतिम आवृत्ती येईपर्यंत अनुवादकांना स्थिर मजकुरावर काम करता येते. तेव्हा पीओ फाइल हाताने बदलून पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवण्याच्या फंदात पडू नकोस. मराठी गटात सामील होण्याची विनंती कर आणि तिथूनच काम कर. तुझ्या स्वतःच्या प्रकल्पासाठी मात्र मी वेबलेट सुचवेन, कारण ते स्वतः ओपन सोर्स आहे आणि कोड ठेवलेल्या गिट रिपॉझिटरीशी थेट जोडता येते. एकट्याने काम करणार असशील तर पोएडिट पुरेसे आहे. ही तिन्ही साधने तुझ्यासमोर अखेर गेटटेक्स्ट या अनुवाद-प्रणालीच्याच नोंदी मांडतात, म्हणून त्या नोंदी कशा तयार होतात हे एकदा डोळ्यांनी पाहून घे.

ते पाहिलेस की तुझ्या तक्रारीचाही उलगडा होईल. दोन नोंदींचे मराठी वाक्य फाइलमध्ये असूनही पडद्यावर इंग्रजीच दिसते, असे तू लिहिले आहेस. मूळ वाक्यात थोडा फेरफार झाला की कोडमधून वाक्ये गोळा करणारी मेकमेसेजेस ही आज्ञा जुन्या अनुवादांपैकी जवळचा वाटणारा एखादा नव्या वाक्याखाली आणून ठेवते आणि त्यावर ‘फझी’ (अनिश्चित) अशी खूण करते. पुढे पीओ फाइलचे प्रत्यक्ष वापरायचे रूप तयार करणारी कम्पाइलमेसेजेस ही आज्ञा अशा नोंदी वगळते. पाठवलेल्या फाइलीत त्या दोन्ही नोंदींवर ही खूण आहे. ती नुसती पुसून मोकळा होऊ नकोस, कारण तो अनुवाद म्हणजे केवळ अक्षरांच्या साम्यावरून केलेला अंदाज असतो आणि ईमेलच्या चौकटीखाली यूआरएलची सूचना येऊन बसू शकते. आधी वाक्य वाचायचे, दुरुस्त करायचे आणि मगच खूण काढायची.

आता मुख्य मुद्दा. जँगोच्या अधिकृत ट्यूटोरियलमधले मतदानाचे उदाहरण तू मराठीत आणू पाहतो आहेस. त्यातल्या निकालाच्या टेम्पलेटमध्ये (पानाच्या साच्यात) मतांच्या संख्येपुढे ‘व्होट’ हा शब्द आहे आणि त्याला प्लुरलाइज हा फिल्टर चिकटवला आहे, जो संख्या एक नसेल तेव्हा शब्दामागे इंग्रजीचा ‘एस’ लावतो. तू तिथे ‘मत’ लिहून फिल्टरला नुसती एकाराची मात्रा दिलीस आणि पडद्यावर ‘१ मत’, ‘५ मते’ असे बरोबर उमटले. युक्ती चतुर आहे, हे कबूल. पण याच युक्तीने ‘वही’ची ‘वह्या’ करायची तर शब्द मध्येच तोडावा लागतो, आणि एखाद्याने भाषा बदलून पान उघडले तर इंग्रजी शब्दामागे देवनागरी मात्रा लोंबकळत राहील. व्याकरणाचा नियम टेम्पलेटमध्ये कोरला गेला की तो अनुवादकाच्या हातून सुटतो. जपानीला अनेकवचनाचे वेगळे रूप लागत नाही आणि अरबीला गेटटेक्स्टच्या हिशेबात सहा रूपे लागतात. त्यांनी या फिल्टरचे काय करावे? म्हणून ब्लॉकट्रान्सलेट या टॅगमध्ये संख्येसह पूर्ण वाक्य द्यावे, एकवचनी आणि अनेकवचनी अशी दोन्ही इंग्रजी रूपे लिहावीत आणि पुढचा निर्णय पीओ फाइलच्या शीर्षभागातल्या अनेकवचनाच्या सूत्रावर सोपवावा.

यावरून मूळ ट्यूटोरियलविरुद्ध तक्रार नोंदवायला निघशील, तर थांब. ते उदाहरण अनुवाद शिकवण्यासाठी नाही, आणि ज्या कामासाठी आहे ते चोख करते. प्रश्न नुकताच प्रसिद्ध झाला का हे सांगणारी त्यातली मेथड भविष्यातल्या तारखेलाही ‘होय’ म्हणते. ही चूक मुद्दाम ठेवलेली आहे, कारण पुढे चाचण्यांच्या भागात तीच पकडून दाखवायची असते. उदाहरण रचण्याची ही खरी हातोटी. नवशिक्याला आधी चालणारी वस्तू मिळते आणि ती कुठे मोडते हे त्याला योग्य वेळी दिसते. तुझ्या प्रकल्पाला मी हीच कसोटी लावली आणि तो मला पसंत पडला नाही, कारण त्यात मराठी कुठेच मोडत नाही. प्रत्येक पान जपून लिहिलेले, प्रत्येक नाव सोयीचे.

माझी सूचना अशी की मतदान सोडून दे आणि वाचनालयाची देवघेव घे. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची स्थापना १८९३ची. अशा संस्थेच्या काउंटरवर काय चालते हे इथल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. सभासद, पुस्तक, शाखा आणि देवघेव एवढी चार मॉडेल (डेटाबेसमधल्या नोंदींचे आराखडे) पुरेत. मॉडेलच्या नावांना गेटटेक्स्टचे ‘लेझी’ रूपच, म्हणजे अनुवाद दाखवायच्या वेळी करणारे रूप, वापर आणि ते का, हेही लिही: मॉडेलची फाइल सर्व्हर सुरू होताना एकदा वाचली जाते, तर पाहणाऱ्याची भाषा दर विनंतीला वेगळी असू शकते.

मग नोंद जमा झाल्याचा संदेश घे. इंग्रजीत वस्तूच्या नावाची रिकामी जागा ठेवून पुढे ‘यशस्वीरीत्या जोडले’ अशा अर्थाचे एकच वाक्य सगळीकडे चालते. मराठीत ग्रंथ जोडला जातो, वही जोडली जाते आणि पुस्तक जोडले जाते, आणि त्या रिकाम्या जागी यांपैकी काय येणार हे अनुवादकाला ठाऊक नसते. शाखेच्या नावाचेही तसेच. शाखेच्या जागेपुढे ‘मध्ये’ लिहून ठेवलेस की पडद्यावर ‘ठाणे मध्ये उपलब्ध’ असे उमटते आणि काउंटरवरच्या बाई हसतात, कारण माणूस ‘ठाण्यात’ म्हणतो. ‘वाशी’चे ‘वाशीत’ आणि ‘बेलापूर’चे ‘बेलापुरात’ होते, आणि ही सामान्यरूपे कोणताही प्लेसहोल्डर (वाक्यातली भरायची रिकामी जागा) स्वतःहून करून देत नाही. उपाय अवघड नाही. वाक्यच असे रचावे की नावाला विभक्ती लागणार नाही आणि क्रियापद नावाच्या लिंगावर अवलंबून राहणार नाही: ‘उपलब्ध शाखा: ठाणे’, ‘नवी नोंद झाली: अमुक’. असे लिहिलेले वाक्य जरा कोरडे वाटते, आणि मला ते चालते. दुकानाच्या पावतीकडून कोणी लालित्याची अपेक्षा करत नाही.

तुझ्या फाइलीत एकाच इंग्रजी शब्दासाठी दोन ठिकाणी दोन अर्थ हवे आहेत. तिथे संदर्भ देणारे पीगेटटेक्स्ट वापर, आणि कोडमध्ये त्या ओळीच्या वर ‘ट्रान्स्लेटर्स’ या शब्दाने सुरू होणारी टीप लिही. मेकमेसेजेस ती उचलून पीओ फाइलीत नोंदीच्या डोक्यावर ठेवते आणि वेबलेटसारख्या साधनात अनुवादकाला ती वाचता येते. रिकाम्या जागी शाखेचे नाव येते की सभासदाचे, एवढे त्या टीपेत असले तरी पुरे. ज्याने कोड पाहिलेला नाही त्याला तेवढाच आधार असतो.

नमुन्याच्या डेटाबद्दल तुझ्याशी माझे सर्वांत तीव्र मतभेद आहेत. ‘पुस्तक १’, ‘पुस्तक २’ अशी नावे टाकून तू वेळ वाचवलास, पण त्या डेटात काही सापडणारच नाही. एका शीर्षकात ‘किनाऱ्यावर’ हा शब्द येऊ दे आणि तो दोन प्रकारे टाइप कर: एकदा नुक्त्याच्या ऱ या अक्षराला हलन्त जोडून आणि एकदा साध्या र ला हलन्त देऊन, त्यापुढे न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधपेटीत एक लिहिले तर दुसरे सापडत नाही, आणि युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याने) ते एक होत नाहीत. वाचकाला ही अडचण भोगू दे; मगच साठवण्यापूर्वी एकच रूप करून घेणारी चार ओळींची फंक्शन दाखव. एका सभासदाची अनामत लाखाच्या वर ठेव, म्हणजे अंकांमध्ये स्वल्पविराम कुठे पडतो हेही दिसेल. आपल्या पद्धतीची तीन-दोन-दोन अशी विभागणी जँगोला १.११ आवृत्तीपासून सांगता येते.

परिभाषेवर फार वेळ घालवू नकोस. लोक ‘लॉगिन’ आणि ‘पासवर्ड’ म्हणतात, तेच लिही. फक्त एका कल्पनेला सगळीकडे एकच शब्द राहील याची यादी पहिल्या दिवसापासून ठेव. यंत्राने केलेला अनुवाद पहिला कच्चा मसुदा म्हणून घ्यायला हरकत नाही, मात्र त्यातला प्रत्येक प्लेसहोल्डर मूळ वाक्याशी जुळवून पाहा, कारण त्यातले एक अक्षर जरी बदलले तरी पान कोसळू शकते. कम्पाइल करण्यापूर्वी गेटटेक्स्टची एमएसजीएफएमटी ही आज्ञा तपासणीच्या पर्यायासह चालवलीस तर अशा बऱ्याच चुका तिथेच सापडतात.

प्रकल्प चालू लागला की तो वाचनालयात काम करणाऱ्या एखाद्या माणसासमोर ठेव आणि स्वतः गप्प बस. ते कुठे थांबतात, कोणता शब्द पुन्हा वाचतात, हे टिपून घे. ती टिपणे मला पाठव. ट्रान्सिफेक्सवरच्या मराठी गटाकडे विनंती मात्र त्यासाठी थांबवून ठेवू नकोस, ती या आठवड्यातच कर, कारण मंजुरी मिळेपर्यंत तुझे चार मॉडेल लिहून होतील. देवघेवीच्या पानाची पहिली पीओ फाइल तयार झाली की धाड. फझी नोंदी आणि अनेकवचनाचे सूत्र मी पाहून कळवतो.

तुझा स्नेहांकित